व्हिक्टोरियन कादंबरीत देखणी माणसं शेवटी बिघडतातच का? ‘डोरियन ग्रे’चं तात्पर्य ‘सौंदर्य हा शाप’ असंच ना?

नाही. (वाचली नसेल त्यांच्यासाठी: ऑस्कर वाइल्डच्या या कादंबरीत बॅझिल नावाचा चित्रकार देखण्या डोरियनचं चित्र काढतो. पुढे डोरियन तरुणच राहतो, त्याचं वय आणि पापं चित्रावर उमटत जातात.) हे ‘सौंदर्य हा शाप’ प्रकरण मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला सेमिनारच्या तासाला ऐकलं होतं आणि अजून पचलेलं नाही, त्यामुळे उत्तर लांबेल.

आमचं कोल्हापुरात फोटो फ्रेमिंगचं दुकान आहे. तेव्हा अण्णा बघायचे, आता मी बघते. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो, वर्षातून दोनचारदा एखादं खरं पेंटिंग. त्यामुळे सगळा वर्ग डोरियनला नादी लावणाऱ्या लॉर्ड हेन्रीच्या चुरचुरीत वाक्यांवर खूश असताना मी अडकले ती मिस्टर हबर्डवर. कादंबरी वाचली असेल तरी तुम्हाला तो आठवणार नाही. दहाव्या प्रकरणात चार पानं येतो आणि जातो. साउथ ऑडली स्ट्रीटवरचा नावाजलेला फ्रेमवाला, बुटका, लाल कल्ल्यांचा. कलेबद्दल आदर आहे, पण चित्रकार पैसे बुडवतात म्हणून तो जरा आटलेला आहे. (वाइल्डला हे कुणी सांगितलं कोण जाणे, पण शंभर टक्के खरं आहे.) एरवी तो दुकान सोडत नाही, डोरियनसाठी मात्र स्वतः येतो. त्याला वाटतं, नवीन फ्रेमचं काम असणार. आल्याआल्या लिलावात मिळालेल्या जुन्या फ्लोरेन्सच्या फ्रेमचं कौतुक सुरू करतो. डोरियनला फ्रेम नकोच असते. झाकलेलं एक चित्र उचलून वरच्या मजल्यावर, लहानपणीच्या अभ्यासाच्या खोलीत नेऊन ठेवायचं असतं.

ती चार पानं मी किती वेळा वाचली असतील. फ्रेम नक्षीदार, म्हणून अवजड. डोरियन मधूनच हात लावायला जातो, तर हबर्डला ते सहन होत नाही, कारण साहेबलोकांनी काही उपयोगाचं काम करावं हे कुठल्याच दुकानदाराला बघवत नाही. वर पोचेपर्यंत बिचाऱ्याला धाप लागते. मग तो विचारतो, चित्र बघायला मिळेल का? डोरियन दचकतो. तुम्हाला त्यात रस वाटणार नाही, म्हणतो आणि बोळवण करतो.

सेमिनारमध्ये माझा मुद्दा एवढाच होता की कादंबरीचा सगळा गुन्हा या नकारात आहे. डोरियन देखणा आहे म्हणून बिघडत नाही, चित्रामुळेही बिघडत नाही. त्या अख्ख्या घरात खोटं न बोलणारी वस्तू एकच, ती म्हणजे ते चित्र, आणि तेच तो कुलपात घालतो. त्याच्यावर जीव लावणाऱ्या नटीला, सिबिल व्हेनला, झिडकारून तो घरी येतो तेव्हा चित्रात काय बदलतं? ओठांपाशी जरा क्रूरपणाची छटा येते, बस. त्या क्षणी ते चार लोकांना दाखवलं असतं तर पुढची कादंबरीच झाली नसती. ज्या लॉर्ड हेन्रीच्या नादी लागून हे सगळं झालं, तो तर शेवटाकडे सहज विचारतो, त्या सुंदर चित्राचं पुढे काय झालं हो?

मी अकरा पानं लिहून नेली होती. चौथ्या पानावर सरांनी थांबवलं. “फ्रेमवाल्याची मुलगी, ती फ्रेमवाल्यावरच बोलणार.” वर्ग हसला. “सौंदर्य हा शाप आहे, कलेच्या नादानं माणूस रसातळाला जातो, एवढं लिहा. पुढचा कोण?”

मी बसले नाही. हेटी मर्टनचा प्रसंग सांगितला. डोरियन खेड्यातल्या एका पोरीला फसवता फसवता सोडून देतो आणि केलं बुवा एक सत्कृत्य म्हणून दिवा घेऊन वर जातो, चित्र जरा सुधारलं का बघायला. चित्रात डोळ्यांत धूर्तपणा आणि ओठांवर ढोंग्याची वळी, दोन्ही नवीन! चांगुलपणाचीही त्यानं हौसच केली, ती चित्रानं बरोबर पकडली. सर म्हणाले, असं काही कादंबरीत नाही. मी लायब्ररीची प्रत काढून वाचून दाखवलं. मग वाद भलतीकडे गेला. डोरियनच्या हातून बॅझिलचा खून होतो तेव्हा डोरियन किती वर्षांचा? सर म्हणाले बत्तीस, मी म्हणाले अडतीस. पानच उघडून दाखवलं: 9 नोव्हेंबर, अडतिसाव्या वाढदिवसाची आदली रात्र. अंतर्गत गुणांत त्याची फेड झाली, ते सोडा.

घरी येऊन अण्णांना हबर्डची गोष्ट सांगितली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ते म्हणाले, “आपल्याकडं झाकून आणलेलं आधी उघडायला लावायचं. काच आधीच फुटकी असली तर नंतर आपल्या नावावर येते.”

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल. व्हिक्टोरियन लेखकांना देखणेपणाचा संशय होताच, हे खरं. जॉर्ज एलियटची हेटी सॉरेल (‘अ‍ॅडम बीड’, 1859) दिसायला सुंदर, आणि तिची गत पोटचं मूल टाकून फाशीच्या शिक्षेपर्यंत जाते. ऐनवेळी फाशी टळून ती काळ्या पाण्यावर जाते. मेरी ब्रॅडनच्या ‘लेडी ऑडलीज सीक्रेट’मध्ये (1862) तर लेडी ऑडलीचं तैलचित्रच तिचं खरं रूप सांगून टाकतं, वाइल्डच्या 28 वर्षं आधी. पण बघा, तिथेही चित्र बिघडवत नाही, चुगली करतं. माझं स्पष्ट मत विचाराल तर कलेनं माणूस बिघडतो असं म्हणणाऱ्यांना या चुगलीचीच भीती असते. जुलै 1890च्या ‘लिपिंकॉट्स’ मासिकात ‘डोरियन ग्रे’ आली तेव्हा समीक्षक तुटून पडले, डब्ल्यू. एच. स्मिथ या पुस्तकविक्रेत्या कंपनीनं रेल्वे स्टेशनांवरच्या स्टॉलवरून अंक काढून टाकला. 1895 साली वाइल्डनंच लावलेल्या बदनामीच्या खटल्यात विरुद्ध बाजूचा वकील कार्सन यानं तर भर कोर्टात त्यातले उतारे वाचून वाइल्डची उलटतपासणी केली. वाइल्डनं एका संपादकाला आधीच लिहून ठेवलं होतं, डोरियनची पापं कुठली ते कुणालाच माहीत नाही, ज्याला दिसतात त्यानं ती बरोबर आणलेली असतात.

दुकानात तर रोज उलटा डोरियन बघते. आईचा फोटो मोठा करायला आणतात आणि म्हणतात, सुरकुत्या तेवढ्या काढा. जिवंतपणी त्या सुरकुत्या कुणी आणल्या, हे मी विचारत नाही.

आता दोन गोष्टी कबूल करायला हव्यात. पहिली, मासिकातल्या आवृत्तीत खरोखरच 7 नोव्हेंबर आणि बत्तिसावा वाढदिवस आहे. 1891च्या पुस्तकात वाइल्डनं सहा प्रकरणं नव्यानं घातली आणि वयही वाढवलं. म्हणजे सर चुकले नव्हते. त्यांना आवृत्तीचं माहीत होतं की गाइडमध्ये तसं छापलं होतं, ते देव जाणे. दुसरी, या कादंबरीत तात्पर्य आहे हे वाइल्डनंच एका पत्रात मान्य केलंय: अतिरेकाची शिक्षा मिळते, तशी त्यागाचीही मिळते. आणि ते तात्पर्य इतकं उघड दिसणं हाच पुस्तकातला एकमेव दोष, असंही म्हटलंय. परीक्षा असेल तर ‘शाप’ लिहा, गुण मिळतील. आणि अकरावं प्रकरण कंटाळवाणं आहे, रत्नं आणि अत्तरांची यादी, खुशाल गाळा. सिबिलच्या थिएटरच्या ज्यू मॅनेजरचं वर्णन मात्र सरळसरळ घाणेरडं आहे, त्याचं कौतुक करू नका.

सर तीन वर्षांपूर्वी दुकानात आले होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन, “मोजमाप अकरा बाय सतरा, साधी पट्टी टाका.” मला ओळखलं नाही. मी म्हटलं, आधी उघडून दाखवा. “त्यात बघण्यासारखं काही नाही हो.” मी म्हटलं, दुकानाचा नियम आहे. निवृत्तीचं मानपत्र होतं, खालचा कोपरा दुमडलेला. तसं बिलावर लिहून त्यांची सही घेतली.