लग्नाला वर्ष झालं तरी संबंध जमत नाहीत, डॉक्टर व्हजायनिस्मस म्हणाले. हे मनाचं की शरीराचं?

दोन्हीचं, ताई, आणि यात तुमची काहीएक चूक नाही. डोळ्याजवळ बोट आलं की पापणी आपोआप मिटते ना, तसेच व्हजायनिस्मसमध्ये योनीभोवतीचे पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे, स्नायू आपोआप आवळतात, मुद्दाम कोणी करत नाही. सुरुवात कधी इन्फेक्शन, कोरडेपणा, एंडोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) दुखण्यातून होते, कधी ‘पहिल्या रात्री फार दुखतं’ असलं मैत्रिणींकडून ऐकून बसलेल्या धास्तीतून, कधी जुन्या अत्याचारातून, आणि मग दुखलं म्हणून भीती, भीतीने आणखी आवळणं असं चक्र चालू राहतं. म्हणूनच २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) हे आणि संबंधातलं दुखणं एकाच निदानात घेतलं.

आधी गायनॅककडून दुखण्याचं दुसरं कारण नाही ना बघून घ्या, मग पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी आणि सोबत सेक्स थेरपिस्ट. त्यात डायलेटर, म्हणजे योनीला हळूहळू सवय व्हावी म्हणून आत घालायची गुळगुळीत कांडी, वापरतात; तिचा सगळ्यात छोटा साइज साधारण करंगळीएवढा असतो, जेल लावून, गुडघे दुमडून पडायचं, लांब श्वास सोडताना हळूच आत, दुखलं की थांबायचं. घाई नको, काहींना महिने लागतात पण बऱ्याच जणी बऱ्या होतात. मिस्टरांनाही सोबत न्या, आणि तोवर संबंधांचा प्रयत्न पूर्ण बंद ठेवा, हे खरंच फार महत्त्वाचं आहे.