वाचकांचे प्रश्न : जंतुसंसर्ग, वंध्यत्व आणि गर्भारपण

प्रश्न : लग्नाला पाच वर्षं झाली, दिवस राहिले नाहीत. हल्ली पाळीत रक्त जेमतेम एक दिवस दिसतं. लहानपणी मला छातीचा टीबी झाला होता. डॉक्टर म्हणतात, गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासू. सासूबाई म्हणतात, खोकला नाही तर टीबी कसला?
(ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : डॉक्टरांची शंका रास्त आहे. फुप्फुसातले जंतू रक्तावाटे गर्भनलिकांत जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं गप्प राहतात. नलिका आतून चिकटतात, आणि पुढे पिशवीचं अस्तर खराब झालं की पाळी कमी होत जाते. खोकला नाही, ताप नाही. कित्येकींना मूल न होणं हीच पहिली खूण.

तुकडा पाळीच्या आधीच्या आठवड्यात घ्यायचा असतो. दर पाळीला अस्तर गळून जातं, त्यामुळे टीबीच्या बारीक गाठी दिसण्याइतक्या वाढायला तेवढे दिवस लागतात. त्याआधी गर्भचाचणी करून घ्या. तुकड्याचे दोन भाग व्हायला हवेत : एक फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवणारं रसायन), सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी, दुसरा सलाइनमध्ये, सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा अंश शोधणारी यंत्रावरची चाचणी) आणि कल्चरसाठी (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणं). सगळा तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत गेला की जंतू मरतात आणि कल्चर होऊच शकत नाही. म्हणून संकोच न करता आधीच विचारा. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ठरवणाऱ्या चाचण्यांवर केंद्र सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे, त्यावर पैसा घालू नका. अस्तराचा रिपोर्ट चांगला आला तरी नलिकांतला आजार निसटू शकतो. शंका राहिलीच तर पोटात दुर्बीण घालून पाहावं लागतं.

टीबी निघाला तर औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. साधारण सहा महिने : पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. लघवी नारिंगी झाली तर घाबरू नका, ते त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे होतं. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात.

औषधाने जंतू मरतात, पण चिकटलेली नलिका उघडेलच असं नाही. हे आजच सांगितलेलं बरं. पुढे दिवस राहिले तर सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी कराच. खराब नलिकेत गर्भ अडकतो, आणि नलिका फुटली तर बाईच्या जिवावर बेततं.

नवऱ्याची वीर्यतपासणीही आताच करा. २ ते ७ दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा. ती न करता पाच-पाच वर्षं एकट्या बाईचीच तपासणी करत राहणं हा अन्याय आहे.

प्रश्न : या महिन्यात आमच्या तीन शेळ्या गाभडल्या. जार मी हातानेच काढला. बायकोला चौथा महिना आहे. तिला धोका आहे का?
(ता. चिखलदरा, जि. अमरावती)

उत्तर : शेळ्या गाभडण्याची कारणं बरीच आहेत, पण त्यांतला ब्रुसेलोसिस हा जंतूंचा आजार माणसालाही होतो, गर्भवतीचा गर्भपातही घडवू शकतो. जार, मेलेलं पिल्लू आणि गाभडल्यानंतरचा स्राव यांत जंतू खच्चून भरलेले असतात. हातावरच्या चिरेतून, डोळ्यांतून, श्वासातून ते शिरतात. बायकोला गोठ्यात जाऊ देऊ नका, झाडलोटसुद्धा नको. तुम्ही हातमोजे आणि नाकातोंडाला फडकं वापरा. जार कुत्र्यांपुढे न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. दूध उकळी आल्याशिवाय कोणी पिऊ नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात शेळ्यांच्या रक्ताचे नमुने द्या.

लागण झाल्यावर ताप यायला दोन-चार आठवडे, कधी काही महिनेही लागतात. ताप चढतो-उतरतो, घाम येतो, सांधे आणि कंबर दुखते. पुरुषाच्या वृषणालाही सूज येते, म्हणून स्वतःकडेही लक्ष ठेवा. शेळ्या गाभडल्याचं डॉक्टरांना तुम्हीच सांगा. नाही तर टायफॉईड समजून उपचार चालू राहतात. यावरची नेहमीची डॉक्सिसायक्लिन गर्भारपणात चालत नाही. डॉक्टर दुसरी औषधं देतात आणि ती आठवडेच्या आठवडे घ्यावी लागतात.

प्रश्न : सहावा महिना आहे. लघवीला जळजळते. वावरात आडोसा नाही, म्हणून पाणी कमी पिते. मेडिकलवाल्याने दिलेल्या दोन गोळ्या घेतल्यावर बरं वाटलं. आता पुन्हा त्रास आहे.
(ता. मारेगाव, जि. यवतमाळ)

उत्तर : दोन गोळ्यांनी जंतू दबले, मेले नाहीत. गर्भारपणात मूत्रनलिका सैलावतात, लघवी साचते आणि जंतू मूत्रपिंडापर्यंत चढतात. त्यातून दिवस भरण्याआधीच कळा सुरू होऊ शकतात. पुढची गोळी घेण्याआधी लघवीचं कल्चर करा. पाण्याने समोरून मागे धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली निर्जंतुक डबीत धरा आणि दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा. उशीर झाला तर जंतू डबीतच वाढतात आणि रिपोर्ट चुकतो. मिळालेला कोर्स पूर्ण करा, संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर करा. वावरात बायकांनी मिळून साडीचा आडोसा उभा करावा, पाणी तोडू नये. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखलं किंवा ओकाऱ्या लागल्या तर सकाळची वाट न पाहता १०२ ला फोन करून दवाखाना गाठा.