वाचकांचे प्रश्न : वास्को द गामाचा परतीचा प्रवास

प्रश्न : वास्को द गामा आफ्रिकेहून कालिकतला महिन्याभरात पोहोचला, मग त्याच समुद्रातून परतताना त्याला तीन महिने का लागले? आणि त्याचा वाटाड्या आमच्या गुजरातचा होता, हे खरे काय?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : याचे कारण वाऱ्यात आहे. अरबी समुद्रावर उन्हाळ्याच्या अखेरीपासून नैऋत्येचे आणि हिवाळ्यात ईशान्येचे वारे वाहतात, हे खंबायत-भरूचच्या व्यापाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. २४ एप्रिल १४९८ रोजी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे मालिंदी बंदर सोडलेल्या गामाला ऐन वेळी वारा पाठीशी मिळाला आणि २० मे रोजी त्याची जहाजे कालिकतजवळ नांगरली. परतताना मात्र कालिकतच्या राजाशी बिनसल्यामुळे तो ऑगस्टअखेरीसच निघाला, कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबला आणि ईशान्येचा वारा स्थिरावण्यापूर्वीच, ऑक्टोबरच्या आरंभी, खुल्या समुद्रात शिरला. कधी निर्वात, कधी उलटा वारा, अशा स्थितीत तो ७ जानेवारी १४९९ रोजी मालिंदीला पोहोचला. ताज्या भाज्या-फळांअभावी होणाऱ्या स्कर्व्हीने वाटेत सुमारे ३० खलाशी दगावले. पुढे माणसेच पुरेनात म्हणून एक जहाज जाळावे लागले. घाईची ही किंमत जबरच म्हणायची.

वाटाड्याविषयी सांगायचे तर तो मालिंदीच्या राजाने दिला होता. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज बखरकार त्याला गुजराती मुसलमान म्हणतात. प्रसिद्ध अरब नौकानयनतज्ज्ञ इब्न माजिद याचे नाव नंतर जोडले गेले, आणि ते आज बहुतेक अभ्यासकांना मान्य नाही.