फ्रीझरला इन्व्हर्टर की जनरेटर?

प्रश्न : राजारामपुरीत आइस्क्रीमचं दुकान आहे. दोन डीप फ्रीझर, बिलिंगचा कॉम्प्युटर, दिवे-पंखे. वळवाच्या पावसात लाइट दोन-तीन तास जाते. काय घ्यावं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही घ्या, पण कामं वाटून द्या. कॉम्प्युटर, दिवे, पंखे मिळून साधारण 250 वॅट धरा. त्याला 900 व्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि 150 एएचची एक ट्युब्युलर बॅटरी चारेक तास पुरते.

फ्रीझर मात्र त्यावर टाकूच नका. 300 वॅटचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चार-पाच पट करंट ओढतो. इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन बंद पडतो आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना बिलिंगही जातं. फ्रीझरसाठी 3 केव्हीएचा जनरेटर घ्या. आधी एक फ्रीझर लावा, दुसरा तीन मिनिटांनी. लाइट गेल्या गेल्या धावपळ नको; भरलेला, झाकण न उघडलेला फ्रीझर तासभर सहज तग धरतो.

चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा स्विच, मात्र हवाच. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून जनरेटर जोडला, तर वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जातो. जनरेटर शटरच्या आत ठेवू नका; धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.