अमीर, हुकूमशहा आणि दौलतीचा फेरा

प्रश्न असा आला आहे: ‘तेलाची दौलत हाती आली आणि अमीर हुकूमशहा झाले’ या वाक्यात अमीर म्हणजे श्रीमंत की राज्यकर्ता? आणि देशाचं नाव ‘अमिरात’ लिहावं की ‘अमिराती’?

राज्यकर्ता. ‘तेलामुळे अमीर झाले म्हणून अमिराती’ ही व्युत्पत्ती ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. अबुधाबीत तेल सापडलं १९५८ साली. खलिफा उमर यांना सातव्या शतकातच ‘अमीर-उल-मोमिनीन’ (श्रद्धावानांचा अमीर) म्हणत होते. अरबी ‘अम्र’ म्हणजे आज्ञा. ती देतो तो अमीर. त्याचं अनेकवचन ‘उमरा’, म्हणजेच आपला उमराव. सरदारापाशी पैसा असायचाच, म्हणून श्रीमंत हा अर्थ मागाहून चिकटला. हुकूमशहातला ‘हुकूम’ सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे थांबत नाही.

त्या वाक्यातला खरा ऐवज ‘दौलत’ हा शब्द आहे आणि त्याबद्दल कोणी विचारलेलंच नाही!

आज मराठीत दौलत म्हणजे पैसाअडका. पण पेशवाईतली पत्रं उघडा, तिथे दौलत म्हणजे सरळ राज्य. आजच्या अरबीतही ‘दौला’ म्हणजे राज्यसंस्था आणि तुर्कीत ‘देवलेत’ म्हणजेही तेच. काही मंडळी ‘संपत्ती’ हा मूळ अर्थ धरून त्यातून ‘राज्य’ काढतात. ही उलटी गंगा आहे. मूळ धातू द-व-ल. अर्थ फिरणं, आळीपाळीने एकाकडून दुसऱ्याकडे जाणं. ७५० साली अब्बासी घराण्याने उमय्या या खलिफांच्या घराण्याला हटवलं तेव्हा त्यांनी आपल्या सत्तेला ‘दौला’ म्हटलं: आता पाळी आमची. पाळीचं घराणं झालं आणि घराण्याचं राज्य. दुसरी फांदी फारसीत वाढली. तिथे नशिबाचा फेरा, म्हणून भाग्य, म्हणून पैसा. म्हणजे राज्य आणि पैसा ही एकाच ‘फिरण्या’ची दोन लेकरं.

जुने अरबी कोशकार आणखी बारकाईने सांगतात: ‘दूला’ पैशाची, ‘दौला’ लढाईतली. पैसा हातोहात फिरतो ती दूला, जय इकडून तिकडे जातो ती दौला. एका स्वराचा फरक! हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि हा ‘दूला’ शब्द कुराणात आहे. ५९व्या सुऱ्याच्या (अध्यायाच्या) सातव्या आयतीत (वचनात), लढाई न करता हाती आलेल्या संपत्तीची वाटणी सांगताना कारण दिलं आहे: ती तुमच्यातल्या श्रीमंतांमध्येच फिरत राहू नये. लढाई न करता आलेली संपत्ती! जमिनीतून वर येणाऱ्या तेलाला यापेक्षा नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही. म्हणून ‘आखाती देशांतली हुकूमशाही धर्मातूनच आली’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या विद्वानांना माझं म्हणणं आहे की त्यांनी आधी ही आयत वाचावी. धर्माचा आधार राजांनी घेतला, हे खरंच आहे. १७४४ साली अरबस्तानातल्या दिरियात तिथला सरदार मुहम्मद इब्न सौद आणि धर्मसुधारक इब्न अब्दुल वह्हाब यांचा करार झाला, तेव्हा तेलाचा पत्ताही नव्हता. पण विषुववृत्तीय गिनीत बहुसंख्य लोक कॅथलिक असूनही १९७९पासून एकच माणूस गादीवर आहे आणि १९९०च्या दशकापासून त्याला तेलाने पोसलं. इंडोनेशिया मुस्लिमबहुल, तरी १९९८नंतर तिथे निवडणुकांनी सरकारं बदलतात. धर्म एवढं एकच कारण धरलं की हे दोन्ही देश कोड्यात टाकतात.

कुवेत बघा. १९१०च्या सुमारास शेख मुबारक यांनी कर वाढवले, तेव्हा मोत्यांचे बडे व्यापारी आपल्या बोटी घेऊन सरळ बहारीनला निघून गेले. शेखांना कर मागे घेऊन त्यांची मनधरणी करावी लागली, कारण दौलत व्यापाऱ्यांच्या हातून फिरत होती. १९३८ साली याच व्यापाऱ्यांनी निवडलेलं विधिमंडळ उभं केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत कुवेतमधल्या बुरगानला तेल लागलं होतं आणि डिसेंबरात मंडळ बरखास्त झालं. १९४६ला तेलाची निर्यात सुरू झाली. आता शेखांना व्यापाऱ्यांच्या कराची गरजच उरली नाही. पैसा फिरायचा थांबला तशी सत्ताही फिरायची थांबली. दूला अडली की दौला अडते, हे माझं ठाम मत आहे. नॉर्वेत तेल सापडायच्या कितीतरी आधीपासून लोक कर भरत होते आणि सरकारं पाडत होते, म्हणून तिथे तेलाने गादी तयार झाली नाही.

रियाधच्या शेअर बाजाराचं नाव वर्षानुवर्षं ‘तदावुल’. हाही द-व-ल, अर्थ हातोहात फिरणं. २०१९च्या डिसेंबरात अरामको ही सौदी सरकारची तेल कंपनी तिथे आली तेव्हा विकायला निघाला दीड टक्का. बाकी सगळं सरकारकडे, म्हणजे दौलाकडेच राहिलं.

हो, लिहायचं कसं ते राहिलंच. एक असेल तर अमिरात, अनेक असतील तर अमिराती, इमारत-इमारती तसं. (इमारतीचा धातू मात्र वेगळा, त्यात ‘ऐन’ हे अरबी अक्षर आहे.) २ डिसेंबर १९७१ला सहा एकत्र आल्या आणि १९७२च्या फेब्रुवारीत रास अल-खैमा सातवी आली, म्हणून देशाचं नाव संयुक्त अरब अमिराती.