'कॅरॅक्टरायझेशन'चं मराठीत काय करायचं?

प्रश्न असा आला आहे: मेंढीच्या पीयूषिका (पिट्युइटरी) ग्रंथीतून एलएच हे प्रजननाचं संप्रेरक वेगळं काढण्यावर प्रबंध आहे, त्याचा सारांश मराठीत लिहायचाय. 'प्युरिफिकेशन'ला शुद्धीकरण मिळालं. 'कॅरॅक्टरायझेशन'ला मात्र कोशात व्यक्तिचित्रण, स्वभावचित्रण असंच सापडतं. मग 'वैशिष्ट्यीकरण' चालेल का?

मला नाही चालणार. 'शुद्धीकरण'मधला धी दीर्घ आहे तो च्वि प्रत्ययामुळे, आणि च्विचा अर्थ 'आधी तसं नव्हतं, ते तसं केलं'. इथे तो चपखल बसतो. खाटीकखान्यातून आणलेल्या ग्रंथींचा अर्क काढतात, अमोनियम सल्फेट घालून प्रथिनांचा साका बसवतात, तो विरघळवून कॉलममधून, म्हणजे प्रथिनं वेगळी करणाऱ्या नळीतून, सोडतात. दर पायरीला नको ती प्रथिनं मागे राहतात, म्हणजे हातातला माल खरोखर बदलतो. पुढच्या टप्प्यात मात्र संप्रेरकाला काही 'करायचं' नसतं, ते कसं आहे एवढंच ठरवायचं असतं. तिथे '-ीकरण' कशाला?

ठरवायचं काय, ते पाहिलं की शब्दही सुचतो. रेणुभार सुमारे 30,000. प्रथिनाला शर्करा जोडलेल्या. पॅपकॉफ आणि सामी या संशोधकांनी 1967 मध्ये मेंढीच्या एलएचच्या दोन साखळ्या सुट्या केल्या; आज त्यांना अल्फा आणि बीटा म्हणतात. त्यातली अल्फा याच ग्रंथीतल्या एफएसएच आणि टीएसएच या संप्रेरकांमध्येही तीच असते, वेगळेपण सगळं बीटात. शिवाय पीयूषिका काढलेल्या उंदरांना टोचून त्यांच्या प्रोस्टेटचं वजन किती वाढतं, हेही बघत. हे सगळे गुणधर्मच, म्हणून 'गुणधर्मनिश्चिती'. प्रबंधात फक्त साखळ्यांचीच चर्चा असेल तर 'रचनानिश्चिती' जास्त नेमकं.

जाता जाता, 'पीयूषिका' सोडू नका. 'पिट्युइटरी'च्या मुळाशी लॅटिनमधला कफ आहे. मेंदूतला कफ या ग्रंथीवाटे नाकात उतरतो अशी जुनी समजूत होती. आपलं पीयूष म्हणजे अमृत, आणि नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीकसुद्धा. दूध आणणारं प्रोलॅक्टिन याच ग्रंथीतलं, तेव्हा नावात आपण सरस ठरलो!

एलएचला शालेय पुस्तकातलं 'पीतपिंडकारी संप्रेरक' घ्या. फक्त 'संप्रेरकाचे शुद्धीकरण व गुणधर्मनिश्चिती' असं लिहू नका, 'चे' निश्चितीला लागत नाही. 'मेंढीच्या पीयूषिकेतील पीतपिंडकारी संप्रेरकाचे शुद्धीकरण व त्याची गुणधर्मनिश्चिती' असं लिहा.