लॉगबुकातले पीआयसी तास : कुठले धरायचे, कुठले सोडायचे?

प्रश्न : फ्लोरिडात प्रशिक्षण घेऊन परतलो. एकूण २४८ तास, त्यात पीआयसी (पायलट इन कमांड, म्हणजे विमानाचा जबाबदार मुख्य पायलट म्हणून) १६१.३. यातले बरेच तास इन्स्ट्रक्टर शेजारी असताना झालेत, काही मित्रासोबत आळीपाळीने हूड (बाहेरचं दिसू नये, फक्त उपकरणांवर उडवावं म्हणून डोळ्यांवर लावायचं झाकण) घालून. विमान कंपनीच्या अर्जात हाच आकडा लिहू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अमेरिकेच्या हिशोबाने तुमची नोंद बरोबर असू शकते, पण अर्जात ती जशीच्या तशी उतरवू नका. तिथल्या ६१.५१ या नियमात, ज्या प्रकारच्या विमानाचं रेटिंग (परवान्यावरची पात्रता) तुमच्याकडे आहे त्याचे कंट्रोल एकट्याने हाताळलेत, तर ती वेळ पीआयसी लिहिता येते. मग विमानाची जबाबदारी शेजारच्या इन्स्ट्रक्टरची का असेना. चाकं आत घेणारं सेसना १७२ आरजी घ्या. इन्स्ट्रक्टरने लॉगबुकात सहीनिशी दिलेल्या मंजुरीशिवाय (एन्डॉर्समेंट) ते तुम्हाला एकट्याने नेता येत नाही, तरी रकान्यात पीआयसी! आपल्याकडे इन्स्ट्रक्टरसोबतचं असं उड्डाण सरळ ड्युअल, म्हणजे शिकण्याचं, धरतात. डीजीसीएच्या (आपलं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या परवान्याला, २०० तासांत १०० पीआयसी लागतात, त्यातले २० क्रॉस कंट्री (एका विमानतळाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी).​ हे तास ड्युअल वगळून भरतात का, हे आधी पाहा.

खरी गडबड हूडच्या तासांत होते. समजा, उड्डाण १.५ तासांचं आणि त्यात मित्राच्या डोळ्यांवर हूड १.१ तास. सेफ्टी पायलट (हूड घातलेल्याच्या वतीने बाहेर नजर ठेवणारा) म्हणून तुमच्या वाट्याला १.१च येतात, आणि तेही उड्डाणाआधी ‘पीआयसी मी’ असं ठरलं असेल तरच पीआयसी. टेकऑफ-लँडिंग मित्राचं, क्रॉस कंट्रीही त्याचीच. दोघांच्या लॉगबुकात त्याच विमानाचे, त्याच दिवशीचे १.५ दिसले, की तपासणाऱ्याची पेन्सिल तिथेच अडते. (न उडवता नुसते पेनाने लिहिलेले तास, या अर्थाने ‘पार्कर पेनचे तास’ हा शब्द उगाच रूढ झालेला नाही.)

लॉगबुकात नियमाप्रमाणे केलेल्या नोंदींना हात लावू नका. एक्सेलमध्ये पीआयसीचे तीन रकाने करा : सोलो किंवा स्वतःच्या जबाबदारीवर, इन्स्ट्रक्टरसोबत, सेफ्टी पायलट. अर्जातली पीआयसीची व्याख्या वाचा आणि तिच्यात बसणारेच रकाने जोडा. व्याख्या दिलेली नसेल तर फक्त पहिला. चुकीची नोंद सापडलीच तर एका रेघेने खोडा, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर अजिबात नको.

प्रश्न : १.५ तास भारतीय लॉगबुकात १:५० असे लिहायचे का?
– एक वाचक, बारामती

उत्तर : नाही, १:३०. दशांशातला ०.१ म्हणजे ६ मिनिटं, १.३ म्हणजे १:१८. तुमच्या पद्धतीने एका ओळीत वीस मिनिटं फुकटची वाढतात. शिवाय हॉब्स मीटर (विमानातलं तास मोजणारं घड्याळ) बहुतेक विमानांत इंजिन सुरू होताच पळू लागतो, तर उड्डाणाची वेळ विमान उड्डाणासाठी जागचं हललं तिथून ते शेवटी थांबेपर्यंत. पार्किंगवर इंजिन गरम करण्यात गेलेली दहा मिनिटं भाड्याच्या पावतीवर येतात, लॉगबुकात नाही.